किल्ली आत, मालक बाहेर

मालकाने स्वतःच्या हाताने गाडीचे दार लावावे आणि त्याच दाराने त्याला बाहेर ठेवावे, ही अडचण मोटारीइतकी जुनी नाही. मोटारीच्या पहिल्या तीसेक वर्षांत बहुतेकांच्या वाट्याला ती येऊच शकत नव्हती, कारण बहुतेक मोटारी उघड्या होत्या. वर कापडी छत, बाजूंना काही नाही किंवा फार तर कापडी पडदे. अमेरिकेत १९१९ साली बंदिस्त मोटारींचे प्रमाण जेमतेम १० टक्के होते, १९२७पर्यंत ते ८५ टक्क्यांवर गेले. म्हणजे अवघ्या आठ वर्षांत मोटारीला भिंती आल्या, काचा आल्या आणि कुलूप लावता येईल अशी दारे आली. माणसाचा विसराळूपणा त्या आठ वर्षांत वाढलेला नव्हता. तरीही किल्ली आत राहून गाडी बंद झाली की आजवर दोष दिला जातो तो विसराळूपणाला. मोटारीच्या कुलपाचा शंभर वर्षांचा इतिहास मात्र दुसरीकडे बोट दाखवतो. किल्ली हातात नसतानाही कुलूप लागले पाहिजे, असे ठरवणाऱ्या रचनेतून ही अडचण जन्माला आली, आणि चोराच्या धास्तीपोटी ती रचना टिकून राहिली, असे माझे म्हणणे आहे.

कुलपांची दोन घराणी ध्यानात घेतली की हे स्पष्ट होते. जुन्या धाटणीच्या अनेक लिव्हर कुलपांत लावतानाही किल्ली फिरवावी लागते. कडी-कोयंड्याला असे कुलूप लावणाऱ्याची किल्ली घरात राहणे शक्यच नसते, कारण किल्लीशिवाय त्याचे काम पुरे होत नाही. दुसरे घराणे खटक्याचे. अमेरिकेच्या लायनस येल (धाकटे) यांनी १८६१ आणि १८६५ साली पेटंट घेतलेल्या पिनांच्या कुलपामुळे किल्ली लहान व चपटी झाली, कुलूप दाराच्या जाडीत मावू लागले आणि आपोआप लागणाऱ्या लॅचचा प्रसार सोपा झाला. मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या कोणालाही हे लॅच सांगायला नको. वाऱ्याने दार लोटले गेले तरी ते लागते आणि घरधनी जिन्यात उभा राहतो. येथे उघडायला किल्ली लागते, लावायला लागत नाही. दाराबाहेर कोण उभे आहे आणि त्याच्याजवळ काय आहे, याची विचारणाच ही रचना करत नाही. बंदिस्त मोटारीने पुढे आपलेसे केले ते मुख्यतः हेच घराणे.

चोरीची भीती खरी होती, हे मान्य केलेच पाहिजे. अमेरिकेत चोरलेल्या मोटारी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्याचे प्रकार इतके वाढले की १९१९ साली त्यासाठी स्वतंत्र संघीय कायदा करावा लागला. त्याच सुमारास फोर्डच्या ‘मॉडेल टी’ला जी इग्निशनची किल्ली आली तिचे प्रकार होते फक्त २४, क्रमांक ५१ ते ७४. लाखो गाड्या आणि २४ किल्ल्या, म्हणजे शेजाऱ्याच्या किल्लीने आपली गाडी सुरू होण्याची शक्यता भरपूर. अशा कुलपाला सुरक्षा म्हणणे कठीण होते आणि ते सुधारायला हवेच होते. पण सुधारणा कोणत्या दिशेने झाली ते पाहण्यासारखे आहे. जनरल मोटर्सच्या कित्येक गाड्यांत १९६०च्या दशकाच्या मध्यापर्यंत किल्ली काढून घेतल्यावरही इग्निशनचा खटका बिनकुलपी ठेवता येई आणि गाडी किल्लीवाचून चालवता येई. ही सोय चोरालाही मिळत होती. गाडीतच किल्ली ठेवून जाणाऱ्यांमुळे चोऱ्या वाढतात, असे म्हणत त्या काळात अमेरिकेत मोहीम चालली: गाडीला कुलूप लावा, किल्ली बरोबर घ्या. कुलूप लावण्याची सवय राष्ट्रीय कर्तव्य ठरली. लावताना किल्ली हातात आहे की नाही, हे यंत्राने पाहावे असा आग्रह मात्र त्या मोहिमेत नव्हता.

मग कायदा आला. १ जानेवारी १९७० पासून अमेरिकेत बनणाऱ्या मोटारींना संघीय सुरक्षा मानक क्रमांक ११४ लागू झाले. किल्ली काढल्यावर स्टिअरिंग अडकावे किंवा गाडी स्वतःच्या बळावर पुढे जाऊ नये, आणि किल्ली इग्निशनमध्ये असताना चालकाचे दार उघडले तर आवाज व्हावा, अशा त्याच्या अटी होत्या. आत किल्ली राहिली की वाजणारा तो कर्कश बझर अनेकांना उपकारक ठरला. पण तो मालकाच्या काळजीने बसवलेला नव्हता. मानकाचा हेतू गाड्यांचा अनधिकृत वापर रोखण्याचा होता, कारण पळवलेल्या गाड्यांमुळे अपघात होत. मालकाला झालेली मदत हा त्याचा आनुषंगिक लाभ. शिवाय किल्ली आसनावर किंवा डिकीत पडली असेल, तर बझर गप्पच राहतो.

यावर पहिला आक्षेप असा की कितीही रचना बदला, विसरणारा माणूस विसरणारच. हा आक्षेप याच इतिहासातल्या एका साध्या युक्तीपुढे टिकत नाही. अनेक गाड्यांत चालकाचे दार बाहेरून फक्त किल्लीनेच लावता येई. आतली खुंटी दाबून दार लोटले तर खुंटी पुन्हा वर येई. जपानी धाटणीच्या पुष्कळ गाड्यांत किल्लीशिवाय दार लावायचे झाले तर बाहेरचे हँडल वर उचलून धरावे लागे. म्हणजे मालकाला ते मुद्दाम, विचारपूर्वक करावे लागे. तोच विसराळू माणूस, तीच घाई, पण अडकण्याची शक्यता कितीतरी कमी. चुकीला वाव देणे न देणे रचनेच्या हातात असते, याचा पुरावा यंत्रकारांनीच दिला होता. पुढच्या काळात हाच गुण मागे पडला. सेंट्रल लॉकिंगने एका दाबात चारही दारे बंद होऊ लागली. १९८२ साली रेनोच्या ‘फ्युएगो’ गाडीत रिमोट आला. पूर्वी एक दार लागले तरी दुसरे उघडे असे, पुढच्या तिकोनी काचेतून हात घालता येई, काचेच्या रबरातून पातळ पट्टी सरकवून खटक्याचा दांडा ओढता येई. या वाटा चोरासाठी बुजवल्या गेल्या आणि मालकासाठीही आपोआप बुजल्या.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: मालकाला जे सोपे, तेच चोराला सोपे. पण लावताना किल्लीची अट घातल्याने चोराला काडीचाही फायदा होत नाही, कारण त्याला दार उघडायचे असते. शिवाय १९९०च्या दशकात पहारा दारावरून इंजिनावर गेला. किल्लीतल्या चिपचा संकेत जुळल्याशिवाय इंजिन सुरू न होऊ देणारा इमोबिलायझर युरोपात १९९८पासून नव्या मोटारींना सक्तीचा झाला आणि नंतरच्या काळात ब्रिटनमध्ये मोटारचोऱ्या मोठ्या प्रमाणावर घटल्या. त्या घटीचे श्रेय अभ्यासक बऱ्याच अंशी या यंत्रणेला देतात. आतल्या सामानासाठी दार बंद हवेच, पण गाडी वाचवण्याचा सगळा भार आता दारावर नाही. अशा वेळी दार मालकाशी थोडे मोकळेपणाने वागायला हवे होते. ते तसे वागू लागले नाही.

तिसरा आक्षेप आजचा: स्मार्ट किल्लीने हा प्रश्न मिटवला. किल्ली आत असल्याचे ओळखून लॉक व्हायला नकार देणाऱ्या गाड्या आहेत हे खरे आणि स्वागतार्ह. परंतु किल्लीतला सेल संपतो, सामानाच्या गर्दीत तिचा संकेत पोचत नाही, गाडीची बॅटरी उतरली की हुशारीच उरत नाही. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने २०१६ साली सांगितले होते की गाडीबाहेर अडकलेल्या ४० लाखांहून अधिक चालकांना तिने वर्षभरात मदत केली, आणि तंत्र सुधारूनही आधीच्या पाच वर्षांत ही संख्या घटलेली नाही. त्याच वेळी उपाय महागला. रस्त्याच्या कडेला कानस घेऊन बसणारा चावीवाला पातळ लोखंडी किल्ली काही मिनिटांत घासून देई. चिपच्या किल्लीला यंत्र लागते आणि कंपनीचा संकेत लागतो.

कोणी म्हणेल, ही काही तासांची गैरसोय, तिच्यावर एवढे का बोलायचे? कारण बंद गाडीत कधी कधी किल्लीसोबत मूलही असते. उन्हात उभ्या गाडीतले तापमान तासाभरात सुमारे २२ अंश सेल्सिअसने चढू शकते आणि त्या वाढीचा ८० टक्के भाग पहिल्या अर्ध्या तासातच होतो, असे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात दिसले. काच किंचित खाली ठेवल्याने फारसा फरक पडला नाही. १९९८च्या उन्हाळ्यात अमेरिकेत तीन घटनांत ११ मुले गाडीच्या डिकीत अडकून मेली. तेव्हाही पालकांना दोष देऊन थांबता आले असते. तसे झाले नाही. १ सप्टेंबर २००१ पासून बनलेल्या, डिकी असलेल्या मोटारींना आतून उघडणारी, अंधारातही दिसणारी कळ बसवणे बंधनकारक झाले. डिकी चोरासाठी पूर्वीइतकीच बंद राहिली आणि आत अडकलेल्यासाठी उघडली. समाजाने चूक माणसाच्या पदरात न घालता रचनेच्या पदरात घातली की काय साधते, त्याचा हा दाखला. दाराच्या बाबतीतही मागणी तेवढीच साधी आहे: किल्ली बाहेर आहे याची खात्री झाल्याशिवाय कुलूप लागू नये, आणि हा गुण महागड्या गाडीची चैन न राहता प्रत्येक मोटारीवर बंधनकारक व्हावा. किल्लीने लागणाऱ्या जुन्या दाराने हे विजेशिवाय करून दाखवले होते. आजच्या यंत्रकारांना ते अशक्य नाही, त्यांच्याकडून ते मागायला हवे.