'धारोष्ण' या शब्दाची दुसरी बाजू

'धारोष्ण' हा शब्द वर्गात शिकवताना आम्ही आजवर त्याच्या गोडव्याविषयीच बोलत आलो. सडातून निघालेली कोमट धार, खाली धरलेला पेला आणि ओठांवर फेस लागलेले मूल, एवढे सारे चित्र त्या एका शब्दात उभे राहते. माल्टा बेटाचा इतिहास वाचल्यावर मात्र हेच चित्र आम्हांला निराळे दिसू लागले.

भूमध्य समुद्रातील हे बेट तेव्हा ब्रिटिशांच्या अमलाखाली होते. तेथील सैनिकांना एक चिवट ताप येई. तो उतरे, पुन्हा चढे. सांधे महिनोन्महिने दुखत राहत. डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टराने मृत सैनिकांच्या प्लीहेतून त्याचा जंतू शोधला आणि १८८७ साली तो शोध प्रसिद्ध केला. पण हा जंतू शरीरात शिरतो कोठून, हे कोडे पुढे अठरा वर्षे सुटले नाही.

१९०५ साली थेमिस्टोक्लीस झॅमिट या माल्टीज डॉक्टराने सहा शेळ्यांचे रक्त तपासले. शेळ्या धडधाकट दिसत होत्या. तरी पाचजणींच्या रक्तात रोगाची खूण मिळाली. पुढे दुधातही जंतू सापडले. राजधानी व्हॅलेटात शेळ्यांचे कळप दारोदार फिरत आणि गिऱ्हाइकाच्या उंबऱ्यावरच दूध काढून दिले जाई. डोळ्यांदेखत काढलेले दूध निर्भेळ, हा लोकांचा विश्वास; त्याच विश्वासाच्या वाटेने रोग घरात येत होता.

मुलांत ब्रुसेलोसिस कसा पसरतो, याचे उत्तरही येथेच आहे. गोवरासारखा तो एका मुलाकडून दुसऱ्याकडे जात नाही. माणसाकडून माणसाला तो क्वचितच होतो. न तापवलेले दूध, त्याचे ताजे चीज, व्यालेल्या किंवा गाभ टाकलेल्या जनावराच्या वारेशी व स्रावांशी आलेला संपर्क, या त्याच्या मुख्य वाटा. म्हणूनच एक मूल आजारी पडले की घरातील इतरांचीही चौकशी करावी लागते. सर्वांनी एकाच भांड्यातले दूध प्यालेले असते.

१९०६ साली लष्कराने छावण्यांतून शेळीचे दूध बंद केले आणि तेथील ताप जवळजवळ नाहीसा झाला. नागरी वस्तीत मात्र शेळ्या फिरतच राहिल्या. शेळीपाळांचे पोट त्यांवर होते आणि ताज्या दुधावरील श्रद्धा सहज ढळणारी नव्हती. व्हॅलेटात पाश्चरीकरण सुरू होऊन कच्च्या दुधाच्या विक्रीला बंदी झाली ती १९३८ साली. सैनिकांना वाचवणारे ज्ञान शेजारच्या घरातील मुलांच्या पेल्यापर्यंत पोहोचायला बत्तीस वर्षे लागली. जंतूच्या नावात ब्रूस अमर झाला. झॅमिट पुढे माल्टीज भाषेतील कथालेखक आणि पुरातत्त्वज्ञ म्हणूनही ओळखला गेला. त्या मधल्या काळात तापाने फणफणलेल्या मुलांची नावे मात्र या कथेत कोठेच येत नाहीत.

आपल्याकडील गुराढोरांतही हा रोग आहे. दूध वर येईपर्यंत तापवण्याची आपल्या घरांतील रीत नकळत मुलांना जपत आली आहे. गोठ्यात मुलाच्या तोंडी थेट धार सोडण्याचे कौतुक मात्र ही राखण मोडते. 'धारोष्ण' या शब्दाचा गोडवा आम्ही पुढेही शिकवू; पण त्याच तासाला व्हॅलेटाच्या उंबऱ्यावरील त्या शेळीचीही गोष्ट सांगू.