रस म्हणजे किती?

नंदुरबार जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत बोलायला गेलो होतो. सुरुवातीला फळ्यावर एक ओळ लिहिली : 'ताजा लोंढा तालुक्याच्या गावी (४ अक्षरे)'. मुलांना वाटले, आठवडी बाजाराच्या गर्दीविषयी विचारले आहे. शेवटी एक मुलगी म्हणाली, "नवापूर!" उत्तर बरोबर होते. पण "धडगाव का नाही? त्यातही चार अक्षरे आहेत आणि तेही तालुक्याचेच गाव," असे विचारताच ती गप्प झाली.

ताजा म्हणजे नवा. लोंढा म्हणजे पूर. दोन्ही जोडले की नवापूर. ओळीचा एक भाग अर्थ सांगतो, दुसरा भाग शब्दाची जुळणी सांगतो आणि दोन्ही वाटा एकाच उत्तराशी येऊन मिळतात. धडगाव पहिल्या वाटेने येते, दुसरीने येत नाही. म्हणून ते बाद. केवळ उत्तर सापडणे म्हणजे कोडे सुटणे नव्हे. ते का बरोबर आहे, हे सांगता आले पाहिजे.

शब्दकोड्याचा आजचा प्रकार तसा अलीकडचा. आर्थर विन यांचे पहिले कोडे २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या वृत्तपत्रात छापले गेले. त्यात सरळ अर्थ विचारलेले असत. वर दिली तशी फसवी ओळ रचण्याची पद्धत इंग्लंडमध्ये १९२० नंतरच्या दशकात रुजली. 'झिमेनीझ' या टोपणनावाने कोडी रचणारे डी. एस. मॅक्नट हे पेशाने शिक्षक. त्यांनी १९६६ साली या कलेवर पुस्तक लिहून प्रामाणिक कोड्याचे नियम मांडले. रचणाऱ्याने चकवावे, पण सोडवणाऱ्याला ठाऊक असलेले संकेत मोडू नयेत, असा त्यांचा रोख होता.

भास्कराचार्यांचे कूट

असे संकेत आपल्याकडे फार जुने आहेत आणि ते केवळ करमणुकीसाठी नव्हते. भास्कराचार्यांचे जन्मवर्ष आपल्याला कळते ते एका शब्दकूटातूनच. 'सिद्धांतशिरोमणी'त ते आपले जन्मवर्ष आकड्यांत देत नाहीत. रस, गुण, पूर्ण आणि मही असे चार शब्द देतात. रस सहा, गुण तीन, पूर्ण म्हणजे शून्य आणि मही म्हणजे पृथ्वी एक. या पद्धतीला भूतसंख्या म्हणतात.

आता ६३०१ असे वाचले तर भास्कराचार्य अजून जन्मायचेच आहेत! येथे दुसरा संकेत लागतो : अंक उजवीकडून डावीकडे मांडायचे. म्हणजे शके १०३६. त्यात ७८ मिळवले की इ.स. १११४. ग्रंथ लिहिला तेव्हाचे वयही रस आणि गुण याच शब्दांत आहे. ते ३६, म्हणून ग्रंथ इ.स. ११५० चा.

आकडे सोडून शब्द का वापरले? ग्रंथ पद्यात असत आणि एका अंकाला अनेक प्रतिशब्द असल्याने वृत्त साधता येई. शिवाय नकलताना आकडा चुकला तर कोणाच्या लक्षात येत नाही; शब्द चुकला की बहुधा वृत्त किंवा अर्थ बिघडतो आणि चूक पकडली जाते.

साक्षीदार कोण?

येथे एखादा चौकस विद्यार्थी विचारील, "साहित्यात तर रस नऊ आहेत. मग येथे सहाच का?" शंका रास्त आहे. नऊ धरले तर जन्म इ.स. १११७ चा आणि ग्रंथ ११५६ चा ठरेल. वयाचा उल्लेख मदतीला येत नाही, कारण त्यातही तोच शब्द आहे. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळच्या पाटण येथे इ.स. १२०७ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचे त्यात नोंदले आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो अभ्यासकांपुढे आणला. काळ ढोबळमानाने जुळतो, पण तीन वर्षांचा फरक या लेखाने मिटत नाही.

स्वतंत्र साक्ष मिळते ती आकाशाची. 'सूर्यसिद्धांता'त ४३,२०,००० वर्षांत मंगळाच्या २२,९६,८३२ प्रदक्षिणा सांगितल्या आहेत. ही संख्याही शब्दांत आहे आणि तिच्यातल्या ६ साठी रस हाच शब्द आहे. भागाकार केला की एका प्रदक्षिणेला जवळजवळ ६८७ दिवस येतात. आजच्या मोजमापानेही तेवढेच येतात. रस नऊ धरला तर सुमारे ६८६.१ दिवस येतात आणि शंभर वर्षांत मंगळ दीड महिन्याने चुकतो. म्हणजे ज्योतिषग्रंथांतला रस जिभेवरचा : गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट. काव्यातला नव्हे.

वर्गात

त्या दिवशी मागच्या बाकांवरची काही मुले शेवटपर्यंत बोलली नाहीत. त्यांच्या घरी भिली किंवा पावरी बोलतात, असे नंतर शिक्षकांनी सांगितले. लोंढा हा शब्दच त्यांच्या ओळखीचा नव्हता आणि ओळ दोन भागांत वाचायची असते, हे मी कोणालाच सांगितले नव्हते. चूक माझी होती. रस म्हणजे सहा हे कितीही हुशार माणसाला आपोआप सुचत नाही. ते कोणीतरी सांगावे लागते. संकेत न सांगता घेतलेली परीक्षा बुद्धीची नसते, ओळखीपाळखीची असते.

म्हणून आधी संकेत सांगा, एक ओळ सोडवून दाखवा आणि मग पुढील दोन द्या :

१. सर मागे वळले, गोडी वाटली (२ अक्षरे).
२. नंदुरबारवरून धावणारी गाडी, उलटी फिरली तरी तीच (५ अक्षरे).

पहिलीचे उत्तर या लेखाच्या मथळ्यात आहे. दुसरीचे स्टेशनवरच्या फलकावर सापडेल. उत्तराला अर्धे गुण द्यावेत, उरलेले अर्धे "कशावरून?" याला. मग मुलांना त्यांच्या घरच्या बोलीत अशी ओळ रचायला सांगा. त्या वेळी संकेत त्यांना माहीत असतील आणि विचारण्याची पाळी आपली असेल.