भेटीचे रहस्य

आश्विनात हुबळीच्या दाजीबानपेठेत तुळजाभवानीच्या देवळात घट बसतात, आणि बहुधा त्याच सुमारास शहरातील कॅथलिक घरांतून संध्याकाळी जपमाळेची प्रार्थना चाललेली असते. ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना, असे पोप तेरावे लिओ यांनी १८८३ साली ठरवून दिले. पहिल्या गोष्टीविषयी मराठी वाचकाला काही सांगावे लागत नाही. दुसरीविषयी मात्र त्याची माहिती तोकडी असते. आपल्या साहित्यात ख्रिस्ती श्रद्धेचा सूर उमटला तो प्रामुख्याने रेव्हरंड ना. वा. टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांच्या लेखणीतून, म्हणजे प्रॉटेस्टंट पंथातून. आणि त्या पंथात जपमाळेची प्रथा नाही. त्यामुळे कॅथलिक घराच्या ओसरीवर चार शतके चाललेली ही उपासना आपल्या वाङ्मयीन चर्चेत क्वचितच येते.

या प्रार्थनेला कोंकणीत ‘तेर्स’ म्हणतात. मूळ पोर्तुगीज शब्दाचा अर्थ तिसरा हिस्सा. संपूर्ण जपमाळ म्हणजे ‘नमो मरिया’ या प्रार्थनेची दीडशे आवर्तने. दहा-दहांच्या पंधरा लडी. रोजच्या प्रपंचात एवढे साधत नाही, म्हणून एका वेळी पाच लडी म्हणण्याची रीत पडली. दीडशे हा आकडा बायबलमधील दीडशे स्तोत्रांवरून आला आहे. मठातले साधू ती स्तोत्रे लॅटिनमध्ये म्हणत. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांनी त्यांच्या जागी मण्यांवर नमन मोजले. प्रत्येक लडीच्या वेळी येशूच्या वा मरियेच्या चरित्रातील एक प्रसंग मनात धरायचा असतो. त्यालाच ‘रहस्य’ म्हणतात. हे रहस्य कोड्यासारखे उकलायचे नसते. ओठांवर नाम आणि मनात प्रसंग, असे त्यात काही वेळ राहायचे असते. आनंदाची, दुःखाची आणि गौरवाची अशी पंधरा रहस्ये होती. पोप दुसरे जॉन पॉल यांनी २००२ साली त्यांत प्रकाशाच्या पाच रहस्यांची भर घातली. तेव्हापासून पाच लडी हा तिसरा हिस्सा राहिला नाही. ‘तेर्स’ हे नाव मात्र टिकून आहे.

आनंदाच्या पाच रहस्यांपैकी दुसरे आहे भेटीचे. प्रसंग लूकच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायातला. आपल्या पोटी ख्रिस्त जन्मणार, हे मरियेला देवदूताकडून कळते. त्याच वेळी तिला हेही कळते, की तिची नातलग एलिझाबेथ (प्रॉटेस्टंट मराठी बायबलातली अलीशिबा) उतारवयात गर्भवती असून तिला सहावा महिना आहे. मरिया लगबगीने निघते आणि यहूदियाच्या डोंगराळ मुलखातले तिचे घर गाठते. तिचे अभिवादन कानी पडताच एलिझाबेथच्या पोटातले बाळ उसळी घेते. ती म्हातारी आपल्याहून लहान पाहुणीला स्त्रियांमध्ये धन्य म्हणते, आणि तिच्या उदरीच्या फळालाही. मरिया तिथे सुमारे तीन महिने राहते. चमत्कार म्हणावा असे यात फार थोडे आहे. एक तरुण गर्भवती दुसऱ्या वृद्ध गर्भवतीच्या मदतीला जाते. दिवस भरत आलेल्या बाईच्या घरी कुणीतरी हक्काचे माणूस येऊन राहणे म्हणजे काय, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावे लागत नाही.

मात्र या प्रसंगाचे जपमाळेशी एक निराळे नाते आहे. ‘नमो मरिया’ या प्रार्थनेचा पूर्वार्ध दोन अभिवादनांचा बनलेला आहे. पहिले देवदूताचे; दुसरे या म्हाताऱ्या एलिझाबेथचे, तिने आपल्या दारात उच्चारलेले. मध्ययुगात ही दोन्ही एकत्र म्हटली जात. पुढे त्यांत येशूचे नाव जोडले गेले, आणि उत्तरार्धातली पापी जनांसाठीची विनवणी १५६८च्या प्रार्थनाग्रंथात आजच्या रूपात कायम झाली. याचा अर्थ असा, की भेटीचे रहस्य हे वीस रहस्यांपैकी केवळ एक नव्हे. दुःखाची रहस्ये चालू असोत वा गौरवाची, प्रत्येक मण्याशी भाविक एलिझाबेथचेच शब्द उच्चारत असतो. प्रत्येक मण्याशी तो एका घराच्या उंबऱ्यावर उभा राहून येणाऱ्याचे स्वागत करत असतो.

इतिहासाने मात्र जपमाळेला दुसरीही एक आठवण चिकटवली आहे, आणि ती भेटीची नाही. ७ ऑक्टोबर १५७१ रोजी लेपांतोच्या आरमारी लढाईत ख्रिस्ती राज्यांनी तुर्कांचा पराभव केला. पोप पाचवे पायस यांनी तो विजय जपमाळेच्या प्रार्थनेचे फळ मानला. आज ऑक्टोबरात येणारा जपमाळेच्या राणीचा सण त्या विजयाच्या स्मरणातून सुरू झाला. गोव्यात तर ही आठवण दगडात उभी आहे. जुन्या गोव्याच्या पवित्र टेकडीवरून आल्फोन्सु द अल्बुकर्कने १५१० ची लढाई पाहिली असे सांगतात, आणि त्याच टेकडीवर त्याच्या नवसाप्रीत्यर्थ सोळाव्या शतकाच्या मध्यास जपमाळेच्या मरियेचे चर्च बांधले गेले. म्हणजे जपमाळ आपल्या किनाऱ्यावर उतरली ती विजेत्याच्या हातातून. पुढे १५६७ मध्ये साष्टीतली देवळे पाडली गेली. केळोशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली, कुशस्थळीचा मंगेश त्याआधीच प्रियोळला गेला होता. कित्येक घराणी दक्षिणेस कानडा मुलखात उतरली, कित्येक घाट चढून आली. १५८३ मध्ये कुंकळ्ळीला पाच जेझुइट पाद्री मारले गेले. त्याचा सूड म्हणून गावच्या पुढाऱ्यांना बोलणीसाठी असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून ठार करण्यात आले. भेटीला बोलावून केलेला हा घात, आणि त्याच राज्यातल्या ख्रिस्ती ओठांवर रोज पन्नास वेळा एलिझाबेथचे स्वागतवचन! भेटीच्या रहस्याचे चिंतन आपल्या भागात करायचे तर ही विसंगती डोळ्याआड करून चालत नाही.

कुंकळ्ळीच्या त्या पाच मृतांचे देह ताब्यात घेणाऱ्या पाद्र्याचे नाव होते थॉमस स्टीफन्स. १५४९ मध्ये इंग्लंडातल्या विल्टशर परगण्यात जन्मलेला हा जेझुइट १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्याला पोचला आणि १६१९ मध्ये मरेपर्यंत इथेच राहिला. रायतूरला १६१६ साली छापले गेलेले त्याचे ख्रिस्तपुराण मराठी वाचकाला ठाऊक आहे. निदान मराठी भाषेच्या त्याने केलेल्या स्तुतीपुरते तरी. या ग्रंथाच्या आरंभी एक मार्मिक प्रसंग येतो. नवख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रीगुरूंना विचारतो, की आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी वाचायला आम्हांला काही का देत नाही? जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर. ज्या सत्तेने पुराणे काढून घेतली, तिच्याच आश्रयाला असलेला माणूस पुराण लिहायला बसला. त्यासाठी तो मराठीच्या घरी गेला. तिची ओवी, तिचे वैकुंठ, तिचा श्रोत्या-वक्त्यांचा संवाद शिकला. स्टीफन्सने जबरदस्तीच्या व्यवस्थेचा त्याग केला नाही, हे खरेच आहे. पण चाळीस वर्षे दुसऱ्याच्या भाषेत पाहुणा म्हणून राहिलेल्या माणसाने त्या भाषेची सेवा केली, हेही तितकेच खरे आहे. दोन्ही सत्ये एकाच चरित्रात राहतात आणि त्यांची वजाबाकी करून हिशेब मिटत नाही.

सत्तेला पुढे ही सेवाही नकोशी झाली. १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने गोव्याच्या ख्रिस्ती प्रजेने तीन वर्षांत देशी भाषा टाकून पोर्तुगीज बोलावी, असा हुकूम काढला. हुकूम दप्तरात राहिला. घरातली संध्याकाळची प्रार्थना मात्र कोंकणीतच चालू राहिली, कारण तिला पाद्री लागत नाही, वेदी लागत नाही, छापील पोथीही लागत नाही. लागतात ती माणसे आणि मणी, आणि मणी नसतील तर बोटांची पेरे. उत्तरेस वसईतही तेच घडले. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, पोर्तुगीज सत्ता गेली; ख्रिस्ती रयत आपल्या वाड्या-बागांत आपल्या बोलीसह राहिली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये उपासनेत लोकभाषेला वाट करून दिली. त्यानंतर चर्चच्या वेदीवर लॅटिनची जागा मराठीने घेतली. घरच्या माळेला त्यासाठी थांबावे लागले नव्हते.

घाटमाथ्यावर ही माळ आली तिची वाटही बरीचशी अशीच, साध्या माणसांची. १८८८ मध्ये मुरगाव बंदराची रेल्वे कॅसलरॉक-लोंढ्याच्या मार्गाने सदर्न मराठा रेल्वेला मिळाली आणि किनारा हुबळीच्या जवळ आला. धारवाड जिल्ह्याचा समावेश असलेला बेळगावचा धर्मप्रांत १९५३ मध्ये स्थापन झाला. या मुलखात कन्नड, मराठी, कोंकणी आणि उर्दू एकमेकींच्या दारांत उभ्या आहेत. येथे कुणीही कायमचा यजमान नाही आणि कायमचा पाहुणाही नाही.

एलिझाबेथच्या घरी मरियेने देवाची स्तुती करणारे जे गीत म्हटले, त्यात बलवंतांना आसनांवरून खाली ओढणाऱ्या, दीनांना उचलणाऱ्या आणि भुकेल्यांना तृप्त करणाऱ्या देवाचे वर्णन आहे. हे गीत चर्चच्या सायंप्रार्थनेत रोज म्हटले जाते. देवळे पाडली गेली त्या संध्याकाळीही ते म्हटले गेलेच असेल. जिंकणाऱ्यांनी ते म्हटले, पण ऐकले नाही. ज्यांच्या घरात ती प्रार्थना येऊन राहिली, त्या रयतेने कदाचित ते अधिक नीट ऐकले.

भेटीचे रहस्य मनात धरून दहा मणी ओढायचे, तर मागणे हेच असावे. दुसऱ्याच्या दारी जाताना आपल्या हाती सत्ता नसावी, सेवा असावी. आणि आपल्या दारी कुणी आले, तर त्याच्या पोटी वाढणारे नवे आपल्याला ओळखता यावे. आपल्या परंपरेला हा शब्द परका नाही. आषाढीला वारकरी एवढी पायपीट करतो, ती विठ्ठलाच्या भेटीसाठीच.