पादप्रक्षालनाची पाळी

पहिल्या शतकातील पॅलेस्टाइनमध्ये धुळीची वाट तुडवत आलेल्या पाहुण्याला पाय धुण्यास पाणी देणे हा गृहस्थाचा आतिथ्यधर्म होता. परंतु ते पाय आपल्या हातांनी धुणे हे काम इतके हीन गणले जाई की, ते दासाच्याच वाट्याला येई. म्हणून वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्री येशू ख्रिस्त भोजनावरून उठून, कमरेला रुमाल गुंडाळून, शिष्यांचे पाय धुऊ लागला, तेव्हा पेत्र नावाच्या शिष्याने प्रथम साफ नकार दिला यात नवल नाही. गुरूने दासाची जागा घेतलेली त्या सरळ मनाच्या कोळ्याला पाहवेना. हा प्रसंग चार शुभवर्तमानांपैकी एकट्या योहानाने सांगितला आहे, आणि लूकने त्याच रात्रीच्या हकिकतीत, आपल्यांत श्रेष्ठ कोण यावरून शिष्यांत वाद माजल्याचे नमूद केले आहे. राजसूय यज्ञात श्रीकृष्णाने ब्राह्मणांचे पाय धुतल्याची महाभारतातील कथा जाणणाऱ्या मराठी वाचकाला यातील भाव परका वाटणार नाही. मात्र तेथे ज्यांचे चरण धुतले ते पूज्य मानलेले होते, आणि येथे गुरूच शिष्यांपुढे वाकला होता.

या कृतीला नियमाचे रूप जेथे सर्वांत सुंदर मिळाले ते स्थळ म्हणजे मठाचे स्वयंपाकघर होय. सहाव्या शतकात इटलीतील संत बेनेडिक्टने आपल्या मठवासीयांसाठी जी नियमावली रचली, तिच्यात आजारी असलेले किंवा महत्त्वाच्या कामात गुंतलेले बंधू वगळता कोणालाही पाकशाळेतील सेवेची माफी नाही. आठवड्याची पाळी संपली की शनिवारी सेवेकऱ्याने सारी साफसफाई करावी, बंधू ज्यांनी हातपाय पुसतात ते पंचे धुवावेत, आणि पाळी सोडणारा व पाळी घेणारा अशा दोघांनी मिळून सर्वांचे पाय धुवावेत, असा दंडक तिने घालून दिला आहे. भांडीकुंडी स्वच्छ आणि धड स्थितीत कोठावळ्याच्या स्वाधीन करावीत व त्याने ती मोजून पुढच्याच्या हवाली करावीत, हेही तेथे तितक्याच गांभीर्याने लिहिले आहे. मला या नियमाचे मोठेपण या शेजारात दिसते: पाय धुणे हे येथे उत्सवाचे कृत्य नसून भांडी घासणे, पंचे धुणे आणि हिशेब देणे यांच्याच पंगतीला बसलेले एक काम आहे, आणि आज ज्याने पाय धुतले त्याचे पाय पुढच्या शनिवारी दुसरा कोणी धुणार असल्यामुळे, उपकाराचा अहंकार साठून राहण्यास तेथे जागाच उरत नाही. पाहुण्यांचेही पाय मठाधिपतीने सर्व बंधूंसह धुवावेत, आणि त्यांत गोरगरिबांची व यात्रेकरूंची विशेष काळजी घ्यावी, असे त्याच नियमावलीत सांगितले आहे.

694 साली स्पेनमधील टोलेडो येथील धर्मसभेने ईस्टरपूर्वीच्या गुरुवारी हा विधी करणे धर्माधिकाऱ्यांवर बंधनकारक केले. इंग्लंडात वूस्टरचा बिशप ऑस्वाल्ड, जो यॉर्कचा आर्चबिशपही होता, उपवासकाळात रोज गरिबांचे पाय धूत असे, आणि 992 साली तेच करीत असता त्याने देह ठेवला. एवढ्या मोठ्या अधिकाराच्या माणसाला असा मृत्यू यावा, याहून धन्यता ती कोणती!

दरबारात शिरल्यावर मात्र या प्रथेची कळा पालटली. राण्यांनी आणि राजांनी गरिबांपुढे गुडघे टेकावेत ही गोष्ट मुळात थोरच होती, आणि तिची थोरवी मी नाकारत नाही. पण 1572 साली ग्रीनिच येथे इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीने 39 दरिद्री स्त्रियांचे पाय धुतले, त्या समारंभाच्या वर्णनात असे दिसते की, राणीचा हात लागण्यापूर्वी ते पाय आधी धुलाईखात्याच्या नोकराने, मग दानाध्यक्षाच्या दुय्यमाने आणि त्यानंतर खुद्द दानाध्यक्षाने, ऊन व सुगंधी पाण्याने धुऊन ठेवले होते. धूळ नोकराच्या वाट्याला आणि पुण्य मालकिणीच्या वाट्याला, अशी ही वाटणी झाली. पुढे राजांनी जातीने पाय धुणे सोडले, अठराव्या शतकात दानाध्यक्षांनीही सोडले, आणि मागे राहिली ती खजिन्यातून दिली जाणारी खास नाणी, जी आजही राजाच्या वयाच्या वर्षांइतक्या वृद्ध पुरुषांना आणि तितक्याच वृद्ध स्त्रियांना दरसाल दिली जातात. व्हिएन्नाच्या हाब्सबुर्ग सम्राटांचा बारा वृद्धांचे पाय धुण्याचा रिवाज साम्राज्याबरोबरच लयाला गेला.

मूळ प्रथा परत सामान्यांच्या हाती ज्यांनी आणली, त्यांत 1708 साली जर्मनीतील श्वार्झेनाऊ गावी स्थापन झालेला ब्रदरेन पंथ येतो. त्यांच्या प्रीतिभोजनात धुणारा एक आणि धुवून घेणारे बारा असा भेद नसतो. प्रत्येक जण शेजाऱ्याचे पाय धुतो आणि आपले पाय धुवू देतो. माझ्या मते दुसरी गोष्ट पहिलीहून अवघड आहे, कारण सेवा करताना मनुष्याचा मान राखला जातो, पण सेवा घेताना त्याला आपली धूळ दुसऱ्याला दाखवावी लागते. याच पंथाचे मिशनरी 1894 साली हिंदुस्थानात आले, गुजराथेत बलसाडला आणि पुढे आपल्याकडे डहाणूला स्थिरावले, आणि डहाणूस त्यांनी इस्पितळ काढले.

रोमन कॅथलिक चर्चनेही 1955 साली हा विधी ईस्टरपूर्वीच्या गुरुवारच्या सायंकालीन मिस्सेत आणला, आणि 2016 साली पोप फ्रान्सिस यांच्या आज्ञेने स्त्रियांचेही पाय धुण्यास रीतसर परवानगी दिली. त्यापूर्वीच 2013 साली त्यांनी रोममधील बालबंदीगृहात जाऊन बारा तरुण कैद्यांचे पाय धुतले होते, आणि त्यांत मुलीही होत्या व मुसलमानही होते.