वेगळी खोली : 1897 ते 2020

घरातल्या लेकराला ताप आला आणि खोकला सुरू झाला की काय करायचे? 2020 च्या मे महिन्यात केंद्रीय आरोग्य मंत्रालयाचा सौम्य लक्षणांच्या कोरोना रुग्णांसाठीचा नियम असा होता : घरी वेगळे राहण्याची सोय असेल तरच घरी ठेवा, भांडी वेगळी असावीत, चोवीस तास काळजी घेणारे माणूस असावे. मुदत लक्षणे दिसल्यापासून 17 दिवसांची.

नियम शास्त्राला धरून होता, त्यावर आमचा आक्षेप नाही. पण दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे आणि संडास वस्तीचा सामायिक, तिथे वेगळी खोली कुठून आणायची? आणि धुणीभांडी करणाऱ्या आईने 17 दिवस लेकराजवळ बसायचे, तर तिच्या मजुरीचे काय? नियमात त्याबद्दल ओळ नव्हती. घरात विलगीकरण जमणार नाही, हे धारावीत महापालिकेलाच मान्य करावे लागले आणि शाळा-सभागृहांत लोकांची सोय करावी लागली.

हा प्रश्न नवा नाही. 1896 साली मुंबईत प्लेग आला, पुढे पुण्यात पसरला. फेब्रुवारी 1897 मध्ये इंग्रज सरकारने साथरोग कायदा केला. तोच कायदा महाराष्ट्र सरकारने मार्च 2020 मध्ये कोरोनासाठी वापरला. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या त्या चार कलमी कायद्यात अधिकाऱ्यांना संरक्षण आहे, नियम मोडणाऱ्याला शिक्षा आहे. रुग्णाच्या पोटापाण्याचा विचार नाही.

पुण्याचा प्लेग म्हटला की शाळेच्या पुस्तकात रँड येतो, सोल्जरांची घरझडती येते, चाफेकर येतात. ती झडती जुलमी होतीच. पण त्याच साथीत सावित्रीमाई काय करत होत्या, हे किती पानांत येते? डॉक्टर असलेल्या यशवंतरावांनी हडपसरजवळ ससाणे मळ्यात प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या पांडुरंग बाबाजी गायकवाड यांच्या मुलाला प्लेग झाल्याचे कळताच माईंनी त्याला पाठीवर घेऊन तिथे नेले. त्यात त्यांनाच लागण झाली. 10 मार्च 1897 रोजी त्या गेल्या, तेव्हा त्या 66 वर्षांच्या होत्या.

काही मित्र म्हणतात, विलगीकरण म्हणजे अस्पृश्यताच. आम्हाला हे पटत नाही. विलगीकरण आजाराचे असते, त्याला मुदत असते. अस्पृश्यता जन्मावर बसवलेली आणि मुदत नसलेली. सावित्रीमाईंनीही त्या मुलाला गर्दीतून उचलून दवाखान्यातच नेले, म्हणजे वेगळेच ठेवले. फरक इतकाच की वेगळे ठेवताना त्याला टाकून दिले नाही. मात्र 2020 मध्ये 'सामाजिक अंतर' हा शब्द सहज तोंडी बसला, तेव्हा आपल्या माणसांना तो टोचला. शारीरिक अंतर म्हटले असते तर काय बिघडले असते?

प्लेगनंतर 1898 मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. शहराची दाटी कमी करणे हे त्याचे काम. त्याने बांधलेल्या परळच्या चाळीत बाबासाहेब दोन खोल्यांत कुटुंबासह अनेक वर्षे राहिले. त्यांची आणि रमाईंची चार लेकरे लहानपणीच गेली. शेवटचा राजरत्न, 1926 साली. एवढ्या जागेत आजारी मूल आणि अभ्यास दोन्ही सांभाळणे काय असते, हे ते घर जाणत होते.

जून 2021 मध्ये लहान मुलांसाठी सरकारी मार्गदर्शक सूचना आल्या. पाच वर्षांपर्यंतच्या मुलाला मास्क लावू नये, सहा ते अकरा वर्षांच्या मुलाने आईवडिलांच्या देखरेखीखाली लावला तर चालेल, असे त्यात होते. म्हणजे लहान मूल एकटे ठेवता येत नाही, त्याच्याजवळ मोठे माणूस लागतेच, हे सरकारच्याच कागदावर आहे. म्हणून आपल्या वॉर्डात पुढच्या साथीसाठी बैठक होईल, तेव्हा खाटा किती एवढेच विचारून उठू नका. मुलाच्या खाटेशेजारी आईला झोपायला जागा आहे का आणि तेवढ्या दिवसांची तिची मजुरी कोण देणार, हे लेखी मागा.