व्हिडिओ खेळ व विज्ञानकथेचा चाहतावर्ग : ठाणे आणि कल्याण–डोंबिवली

इलेक्ट्रॉनीय यंत्रणेने पडद्यावर उमटविलेल्या व खेळणाऱ्याच्या हातातील कळींनी चालणाऱ्या चित्रांच्या खेळास व्हिडिओ खेळ म्हणतात. एखाद्या कथामालिकेविषयी आस्था असलेल्यांमध्ये तिच्याभोवती जे रीतिरिवाज, परिभाषा, माहितीची देवाणघेवाण व मेळावे निर्माण होतात, त्यांस एकत्रितपणे चाहतासंस्कृती म्हणता येईल. प्रस्तुत नोंदीत १९९० नंतरच्या सुमारे दीड दशकात ठाणे व कल्याण–डोंबिवली या शहरांत ‘कॉन्ट्रा’ या विज्ञानकथात्मक खेळाभोवती वाढलेल्या संस्कृतीचा विचार केला आहे. हा खेळ भारतातील बहुतेक शहरांत लोकप्रिय होता. तथापि मराठी वाचनाची दीर्घ परंपरा असलेल्या या शहरांत त्याला एक वेगळा संदर्भ प्राप्त होतो.

पूर्वपीठिका : व्हिडिओ खेळ व विज्ञानकथा यांचा संबंध आरंभापासूनचा आहे. अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत स्टीव्ह रसेल व त्यांचे सहकारी यांनी १९६२ मध्ये ‘स्पेसवॉर!’ हा दोन अवकाशयानांच्या द्वंद्वाचा खेळ संगणकावर सिद्ध केला. त्याची प्रेरणा ई. ई. स्मिथ यांच्या अवकाशविषयक कादंबऱ्यांची होती. जपानमधील तोमोहिरो निशिकादो यांनी ‘स्पेस इन्व्हेडर्स’ (१९७८) या खेळातील परग्रहवासीयांच्या आकृती योजताना एच्. जी. वेल्स यांच्या कादंबरीतील आक्रमकांचे रूप डोळ्यांपुढे ठेवले होते. ‘स्टार वॉर्स’ हा चित्रपट १९७७ मध्ये प्रदर्शित झाला आणि १९८३ मध्ये अटारी या कंपनीने त्यावर आधारित नाणे टाकून खेळावयाचे यंत्र बाजारात आणले. पाश्चात्त्य देशांतील विज्ञानकथेचा चाहतावर्ग मात्र खेळांहून पुष्कळ जुना होय. त्याची हस्तमुद्रित नियतकालिके १९३० च्या दशकातच निघू लागली होती व त्याचे पहिले जागतिक संमेलन १९३९ मध्ये न्यूयॉर्क येथे भरले. तेथील चाहता प्रथम वाचक, नंतर प्रेक्षक व अखेरीस खेळाडू झाला. मुंबईच्या उपनगरी पट्ट्यात हा क्रम राहिला नाही. येथे खेळ आधी आला आणि त्याची कथा मागे राहिली.

खेळाचे स्वरूप : ‘कॉन्ट्रा’ हा खेळ कोनामी या जपानी कंपनीने १९८७ मध्ये सार्वजनिक खेळगृहांसाठी व १९८८ मध्ये घरगुती संचासाठी प्रसिद्ध केला. मूळ जपानी कथेनुसार इ. स. २६३३ मध्ये परग्रहावरील एक शत्रू न्यूझीलंडनजीकच्या काल्पनिक द्वीपसमूहावर तळ ठोकतो आणि बिल व लान्स हे दोन सैनिक त्याच्याशी लढतात. घरगुती आवृत्तीत आठ टप्पे असून जंगल, धबधबा, हिमप्रदेश, कारखाना असा प्रवास करीत खेळाडू शेवटी एका सजीव गुहेत पोहोचतो. तेथील धडधडते हृदय नष्ट केले म्हणजे खेळ संपतो. या दृश्यांवर ‘एलियन’ (१९७९) या चित्रपटाची छाप उघड दिसते. दोघांनी एकाच वेळी, एकाच बाजूने खेळावयाची सोय हे या खेळाचे मुख्य वैशिष्ट्य होय.

प्रसार : १९९१ पूर्वी परदेशी इलेक्ट्रॉनीय वस्तूंच्या आयातीवर कडक निर्बंध व भारी शुल्क असल्यामुळे मूळ जपानी संच येथील मध्यमवर्गाच्या आवाक्याबाहेर होते. निंटेंडो कंपनीने १९८३ मध्ये काढलेल्या संचाच्या नकला पूर्व आशियात स्वस्तात तयार होऊ लागल्या आणि १९९० च्या दशकात त्या निरनिराळ्या नावांनी भारतीय बाजारात पसरल्या. हा संच घरच्या दूरचित्रवाणी संचाच्या अँटेनाच्या जागी जोडला जाई. खेळ साठविलेल्या डबीस मूळ शब्द ‘कार्ट्रिज’ असला, तरी येथे तिला सर्रास ‘कॅसेट’ म्हणत. एका कॅसेटीत शेकडो वा हजारो खेळ असल्याचे वेष्टनावर छापलेले असे. प्रत्यक्षात मोजकेच खेळ नावे व आरंभीचे टप्पे बदलून पुन्हापुन्हा दिलेले असत. या नकली कॅसेटींबरोबर माहितीपुस्तिका नसे. परिणामी यंत्र घरात आले, परंतु कथा आली नाही.

स्थानिक पार्श्वभूमी : बोरीबंदर ते ठाणे हा लोहमार्ग १८५३ मध्ये सुरू झाला व १८५४ मध्ये तो कल्याणपर्यंत पोहोचला. मुंबईत नोकरी व या शहरांत बिऱ्हाड ही जीवनपद्धती त्यातूनच रूढ झाली. लोकसंख्येच्या वाढीमुळे ठाणे येथे १९८२ मध्ये व कल्याण–डोंबिवली येथे १९८३ मध्ये महानगरपालिका स्थापन झाल्या. एक-दोन खोल्यांची बिऱ्हाडे, घरात एकच दूरचित्रवाणी संच आणि दिवसभर लोकलच्या वेळापत्रकाशी बांधलेले पालक, अशा घरांत उन्हाळ्याच्या सुटीतील दुपार ही मुलांची असे. स्थानक परिसरातील व्हिडिओ पार्लरकडे पालक संशयाने पाहत. अशा करमणुकीच्या जागांना पोलिसांचा परवानाही लागे. घरगुती संचास अशी कोणतीच अडचण नव्हती. ज्यांना तो विकत घेणे परवडत नसे, त्यांना व्हिडिओ कॅसेटींच्या दुकानातून तो दिवसाच्या भाड्याने मिळे. भाड्याच्या एका दिवसासाठी इमारतीतील मुले वर्गणी काढीत व ज्याच्या घरी संच लागे तेथे जमत. चाहत्यांचा मेळावा येथे सभागृहात नव्हे, तर असा शेजाऱ्याच्या बाहेरच्या खोलीत भरला.

रीतिरिवाज व परिभाषा : खेळाची सारी माहिती तोंडी परंपरेने चाले. बिल व लान्स ही नावे बहुतेकांना ठाऊक नव्हती. विजारीच्या रंगावरून एक ‘निळा’ व दुसरा ‘लाल’ ठरला. ‘स्टेज’, ‘बॉस’, ‘लाइफ’ हे शब्द मराठी वाक्यात मुरले आणि ‘माझी एक लाइफ गेली की तू बस’ असा पाळीचा नियम पडला. विटीदांडू व गोट्या यांतील डावाची शिस्त नव्या खेळास लागू झाली ती अशी. पाच दिशांना गोळ्या सोडणाऱ्या ‘एस’ अक्षराच्या बंदुकीवरून भांडणे होत. धबधब्याच्या टप्प्यात एकाने घाईने वर उडी मारली की पडदा वर सरकून खाली राहिलेला सोबती मरत असे. त्यामुळे सोबत्यासाठी थांबण्याचा संकेत पाळावा लागे. वर-वर-खाली-खाली-डावे-उजवे-डावे-उजवे व मग दोन कळी, हा तीस ‘लाइफ’ मिळवून देणारा क्रम मुळात काझुहिसा हाशिमोतो यांनी ‘ग्रेडियस’ (१९८६) या खेळाच्या घरगुती आवृत्तीसाठी योजला होता. कोणत्याही छापील साधनाविना तो वह्यांच्या शेवटच्या पानांवर व शाळेच्या मधल्या सुटीत पसरला. कॅसेट चालेनाशी झाली की तिच्यात फुंकर मारण्याची रीतही सार्वत्रिक होती. वस्तुतः फुंकरीचा काही उपयोग नसून कॅसेट काढून पुन्हा बसविल्याने धातूच्या पट्ट्यांचा स्पर्श सुधारत असे. उलट तोंडातील ओलाव्याने त्या गंजत.

मराठी विज्ञानकथेशी संबंध : याच काळात याच घरांतून मराठी विज्ञानकथा वाचली जात होती. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ पासूनचे, तर ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासूनचे आहे. भा. रा. भागवत यांनी झ्यूल व्हेर्नच्या कादंबऱ्या मराठी मुलांपर्यंत आणल्या होत्या. मराठी विज्ञान परिषदेच्या (स्थापना १९६६) विज्ञानकथा स्पर्धेसाठी जयंत नारळीकर यांनी १९७४ मध्ये ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठविली व ती पारितोषिकास पात्र ठरली. परग्रहावरून आलेला जीव, विचार करणारे यंत्र, संगणकातील विषाणू हे विषय त्यांच्या ‘प्रेषित’, ‘वामन परत न आला’ व ‘व्हायरस’ या कादंबऱ्यांत आले. तरीही वाचनालयातील परग्रहवासी व पडद्यावरील परग्रहवासी यांची गाठ पडली नाही. लेखक विज्ञानाचा प्रसार हा कथेचा हेतू मानीत, पालक खेळास अभ्यासातील विघ्न समजत आणि खेळाची कथा न कळल्यामुळे आपण विज्ञानकथाच खेळत आहोत, हे मुलांच्या ध्यानी येत नसे. विज्ञानकथेचा मराठी वाचक व विज्ञानकथात्मक खेळाचा मराठी खेळाडू ही पुष्कळदा एकच व्यक्ती असूनही त्या दोन आवडी परस्परांना अपरिचित राहिल्या. [⟶ विज्ञान साहित्य].

उत्तरकाल : २००० च्या सुमारास सायबर कॅफे व घरगुती संगणक आल्यावर या संचांचे महत्त्व ओसरले. २०११ मध्ये मुंबईत कॉमिक कॉन हा मेळावा भरू लागला आणि पात्रांचे वेश करून येणारा चाहता शहरास प्रथमच मोठ्या प्रमाणावर दिसला. त्याची भाषा मात्र प्रायः इंग्रजी होती. पुढे भ्रमणध्वनीवरील खेळांनी लोकलचा डबाच क्रीडागृह बनविला. ‘पबजी मोबाइल’ या खेळावर केंद्र सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये बंदी घातली. पुण्यातील सुपरगेमिंग या कंपनीने २०२४ मध्ये ‘इंडस’ हा भारतीय पुराणकल्पनांचा आधार घेणारा भविष्यकालीन खेळ प्रसिद्ध केला. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांस मनाई करणारा व ई-क्रीडेस मान्यता देणारा केंद्रीय कायदा २०२५ मध्ये झाला.

मूल्यमापन : ‘कॉन्ट्रा’भोवतीची संस्कृती ही परकीय वस्तूचे निव्वळ अनुकरण नव्हती. कथा, पुस्तिका व मेळावे यांपैकी काहीही हाती नसताना मुलांनी पाळीचे नियम, नावे व सहकार्याचे संकेत स्वतः निर्माण केले. मात्र नकली कॅसेटी टाकाऊ मानल्या गेल्या आणि वह्यांची शेवटची पाने रद्दीत गेली. या शहरांतील वाचनालयांनी दीडशे वर्षांचे वाचन जपले. त्याच घरांतील खेळाची आठवण जपण्याचे काम ती मुले, जी आज प्रौढ आहेत, त्यांच्या बोलण्यावरच सोपविलेले राहिले. बालक्रीडांच्या इतिहासात या खेळाची नोंद व्हावयाची असेल, तर ते बोलणे लिहून ठेवणे हाच तिचा पहिला आधार होय.