सांडपाण्यावरील शेती : मृदा आरोग्य पत्रिका असली तरी जड धातूंची तपासणी वेगळी करावी

शहरांलगतच्या अनेक गावांत नाल्याचे किंवा सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून सोडलेले पाणी शेतीला दिले जाते. हे पाणी बारमाही मिळते आणि त्यातील नत्र-स्फुरदामुळे खताचा खर्चही कमी होतो. मात्र त्यात कारखान्यांचे पाणी मिसळत असल्यास कॅडमियम, शिसे, क्रोमियम, निकेल असे जड धातू जमिनीत साठू लागतात.

पत्रिकेत काय तपासले जाते?

मृदा आरोग्य पत्रिका योजना १९ फेब्रुवारी २०१५ रोजी सुरू झाली. पत्रिकेत १२ घटकांची नोंद असते : नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन, सामू, विद्युत वाहकता व सेंद्रिय कर्ब. जस्त व तांबे पिकाला पुरेसे आहेत का, एवढेच त्यात पाहिले जाते. कॅडमियम, शिसे, क्रोमियम व निकेल या यादीत नाहीत. म्हणून पत्रिकेतील सर्व नोंदी चांगल्या असल्या तरी जमिनीत जड धातू नाहीत, असे समजू नये.

धातू का साठतात?

सांडपाण्यातील सेंद्रिय घाण कुजते, धातू कुजत नाहीत. दर पाळीला थोडे थोडे येऊन ते वरच्या थरात राहतात. कानपूरच्या जाजमऊ भागात कातडी कमावण्यासाठी क्रोमियमचे क्षार वापरतात. तेथील प्रक्रिया केलेले पाणी जवळच्या गावांतील शेतीला दिले गेले आणि त्या जमिनीत क्रोमियम वाढल्याचे अभ्यासांत आढळले.

धोका कोणाला?

पालक, मेथी, कोथिंबीर यांसारख्या पालेभाज्या धातू जास्त शोषतात. भाजी धुतल्याने वरची माती जाते, आत शोषलेला धातू जात नाही. कॅडमियममुळे मूत्रपिंडांना, तर शिशामुळे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला इजा होते.

शेतकऱ्यांनी काय करावे?

१. पाणी कोठून येते आणि त्यात कोणत्या कारखान्यांचे पाणी मिसळते, याची चौकशी करावी.

२. पाणी शेतात शिरते तेथील आणि शेताच्या दुसऱ्या टोकाचा मातीचा नमुना वेगवेगळा घ्यावा. १५ ते २० सेंटिमीटर खोल, इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा करावा. माती गंजलेल्या अवजाराने न काढता लाकडी किंवा प्लास्टिकच्या साधनाने काढावी. पाण्याचा नमुनाही द्यावा.

३. कृषी विज्ञान केंद्र किंवा कृषी विद्यापीठाच्या मृदशास्त्र विभागात जड धातूंची तपासणी होते का आणि शुल्क किती, हे आधी विचारावे.

४. पाण्याचा अहवाल आल्यावर आंतरराष्ट्रीय अन्न व कृषी संघटनेने सिंचनासाठी सुचवलेल्या मर्यादांशी ताडून पाहावा. प्रति लिटर कॅडमियम ०.०१, क्रोमियम ०.१ व निकेल ०.२ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे.

५. अहवाल येईपर्यंत त्या जमिनीत पालेभाज्या, कंदमुळे व चारा घेणे टाळावे. झेंडूसारखी फुलपिके घेता येतील. प्रक्रिया केंद्रातील गाळ खत म्हणून टाकू नये.

६. चांगले कुजलेले शेणखत घालावे. आम्लधर्मी जमिनीत तज्ज्ञांच्या सल्ल्याने चुना द्यावा. यामुळे पिकात जाणारे कॅडमियम व शिसे कमी होते, पण धातू जमिनीतून निघून जात नाहीत.

अधिक माहितीसाठी

किसान कॉल सेंटर : १८००-१८०-१५५१ (निःशुल्क). येथे मराठीसह विविध भारतीय भाषांत माहिती मिळते.